विश्लेषण : ‘सर्व्हर डाऊन’ की विंडोज जुनी? जुन्या कॉम्प्युटरवर ‘डॉटनेट’ बसवताना नेमके काय अडते?

निकाल लागले, प्रवेशाच्या याद्या तोंडावर आल्या की उत्पन्न, रहिवासी, जात आणि नॉन-क्रिमीलेअर दाखल्यांसाठी सेवा केंद्रांवर रांगा लागतात. जळकोटसारख्या तालुक्याच्या गावात अशा रांगेत उभ्या असलेल्या माणसाच्या कानावर हमखास एक वाक्य पडते, ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या.’

अनेकदा ते खरेही असते. पण काही वेळा सर्व्हर व्यवस्थित सुरू असतो. अडलेला असतो तो टेबलावरचा कॉम्प्युटर. अंगठा घेण्याचे यंत्र जोडलेले असते, पण त्याचे सॉफ्टवेअर उघडत नाही. डिजिटल सहीची पेन ड्राइव्हसारखी टोकन लावलेली असते, पण सही होत नाही. स्क्रीनवर छोटी चौकट येते. या प्रोग्रामसाठी डॉटनेट फ्रेमवर्कची अमुक आवृत्ती लागेल, असे ती सांगते. केंद्रचालक ती डाऊनलोड करतो, तर दुसरी चौकट येते आणि डॉटनेट बसवता आले नाही, असे सांगते.

ही चौकट का येते, ती घालवायची कशी आणि ती घालवल्यावर प्रश्न खरोखर सुटतो का, याचा हा आढावा.

नेमके प्रकरण काय?

मराठवाड्यातील छोट्या गावांत सेवा केंद्र, झेरॉक्सचे दुकान, कृषी सेवा केंद्र, पतसंस्था, शाळेचे कार्यालय अशा ठिकाणी विंडोज ७ चे कॉम्प्युटर आजही दिसतात. क्वचित एखाद्या कोपऱ्यात एक्सपीसुद्धा सापडते. यंत्र चालते, प्रिंट निघते, मग बदलायचे कशाला, हा विचार समजण्यासारखा आहे.

पण मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ रोजी, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज ८.१ चा १० जानेवारी २०२३ रोजी बंद केला. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चाही नियमित सपोर्ट संपला. म्हणजे ज्यांनी ‘७ वरून १० वर गेलो, आता काळजी नाही’ असे म्हटले, तेही आता त्याच रांगेत आले आहेत.

जुन्या यंत्रासमोर दोन भिंती उभ्या राहतात. पहिली भिंत ब्राउझरची. ‘आपले सरकार’सारखी पोर्टल ब्राउझरमध्ये उघडतात. विंडोज ७ आणि ८.१ वर चालणारी क्रोमची शेवटची आवृत्ती १०९ होती. फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेल्या ११० पासून क्रोमने या दोन्ही विंडोज सोडल्या. संकेतस्थळे नव्या ब्राउझरप्रमाणे बदलत जातात, तसे जुन्या ब्राउझरमध्ये कधी बटण दाबले जात नाही, कधी फाइल चढत नाही.

दुसरी भिंत डॉटनेटची. पोर्टल ब्राउझरमध्ये उघडले तरी अंगठ्याचे यंत्र, डिजिटल सही, स्कॅनर किंवा हिशेबाचा प्रोग्राम यांसाठी कॉम्प्युटरवर वेगळे सॉफ्टवेअर बसवावे लागते. विंडोजसाठी लिहिलेली अशी अनेक सॉफ्टवेअर डॉटनेटवर उभी असतात. आयकर विभागाच्या एक्सेलमधील विवरणपत्र युटिलिटीच्या तांत्रिक अटींतही डॉटनेट ३.५ किंवा त्यापुढची आवृत्ती मागितली गेली आहे. या लेखाचा विषय ही दुसरी भिंत आहे.

डॉटनेट फ्रेमवर्क म्हणजे काय?

गावातल्या लग्नाचा स्वयंपाक डोळ्यांसमोर आणा. आचारी येताना आपली कला घेऊन येतो. मोठी पातेली, कढया, झारे मात्र तो सोबत आणत नाही. ते गावच्या भांड्यांच्या संचातून मिळतील, असे तो गृहीत धरतो. संच नसेल तर कितीही चांगला आचारी असला तरी पंगत बसत नाही.

प्रोग्राम म्हणजे आचारी आणि डॉटनेट फ्रेमवर्क म्हणजे भांड्यांचा संच. खिडकी उघडणे, फाइल वाचणे, इंटरनेटवर माहिती सुरक्षितपणे पाठवणे, सही तपासणे अशी नेहमीची कामे मायक्रोसॉफ्टने या संचात तयार करून ठेवली आहेत. प्रोग्राम लिहिणाऱ्याला ती नव्याने लिहावी लागत नाहीत. पहिली आवृत्ती २००२ मध्ये आली. ४.८ ही आवृत्ती एप्रिल २०१९ मध्ये, तर ४.८.१ ही ऑगस्ट २०२२ मध्ये आली.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. संच एक नाही, दोन आहेत. २.०, ३.० आणि ३.५ यांचा एक संच आणि ४ पासून पुढच्या सगळ्या आवृत्त्यांचा दुसरा. ४.८ बसवले की ते आधीच्या ४.५ किंवा ४.६ ची जागा घेते. पण ३.५ ची जागा घेत नाही. त्यामुळे ‘४.८ आहे, तरी हे ३.५ कशाला मागते?’ हा प्रश्न पडला, तर उत्तर सोपे आहे. जुन्या आचाऱ्याला जुनाच संच हवा आहे. दोन्ही संच एका कॉम्प्युटरवर बिनतक्रार नांदतात.

नावाचा आणखी एक घोळ आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये आलेले ‘डॉटनेट ५’ आणि त्यानंतरचे ६, ७, ८ हे ‘फ्रेमवर्क’ नव्हे. ते वेगळे उत्पादन आहे. एखाद्या प्रोग्रामने ‘डॉटनेट डेस्कटॉप रनटाइम ८’ मागितले, तर फ्रेमवर्क ४.८ बसवून उपयोग नाही. आणि डॉटनेट ८ विंडोज ७ वर अधिकृतपणे चालतच नाही. त्यामुळे चौकटीत नेमके कोणते नाव आणि कोणता आकडा लिहिला आहे, याचा आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. निम्मे घोळ तिथेच मिटतात.

कोणत्या विंडोजवर कोणती आवृत्ती?

विंडोज एक्सपी (सर्व्हिस पॅक ३) : जास्तीत जास्त ४.०. पुढची कोणतीही आवृत्ती बसत नाही.

विंडोज ७ (सर्व्हिस पॅक १) : जास्तीत जास्त ४.८. विंडोजसोबत ३.५.१ आधीच असते. ४.८.१ बसत नाही.

विंडोज ८.१ : जास्तीत जास्त ४.८.

विंडोज १० : ४ चा संच विंडोजसोबतच येतो. मे २०१९ च्या अपडेटपासून ४.८ आधीच असते. नंतरच्या आवृत्त्यांवर ४.८.१ बसवता येते. ३.५ मात्र वेगळे सुरू करावे लागते.

विंडोज ११ : ४.८ किंवा ४.८.१ आधीच असते. ३.५ चे पुन्हा तेच.

ही यादी पाहिली की एक गोष्ट लगेच कळते. एक्सपीवर ४.५ किंवा ४.८ बसवण्याचा प्रयत्न म्हणजे वेळेची नासाडी. तिथे कोणतीही युक्ती चालत नाही. विंडोज ७ वर ४.८ मात्र बसते. तरीही ते अनेकदा बसत नाही, यामागे वेगळे कारण आहे.

विंडोज ७ वर ४.८ का अडते?

सर्वाधिक वेळा दिसणारा संदेश ‘अ सर्टिफिकेट चेन कुड नॉट बी बिल्ट टू अ ट्रस्टेड रूट ऑथॉरिटी’ असा असतो. वाचणाऱ्याला वाटते, फाइल खराब आहे. मग तीच फाइल तीन-तीन वेळा डाऊनलोड केली जाते. पण फाइल बहुधा ठीक असते.

बँकेत खातेदाराची नमुना सही ठेवलेली असते. चेकवरची सही त्या नमुन्याशी जुळली तरच पैसे मिळतात. विंडोजमध्येही अशा विश्वासू सह्यांचे नमुने साठवलेले असतात. त्यांना रूट सर्टिफिकेट म्हणतात. डॉटनेटच्या फाइलवर मायक्रोसॉफ्टची डिजिटल सही असते आणि ती ‘मायक्रोसॉफ्ट रूट सर्टिफिकेट ऑथॉरिटी २०११’ या नमुन्याशी ताडून पाहिली जाते.

आता वर्षे पाहा. विंडोज ७ ऑक्टोबर २००९ मध्ये बाजारात आली. नमुना आहे २०११ चा. इंटरनेटवर राहून वेळच्या वेळी अपडेट घेणाऱ्या कॉम्प्युटरला हा नमुना नंतर मिळाला. पण ज्या यंत्राचे अपडेट डेटा वाचवण्यासाठी पहिल्याच दिवशी बंद केले गेले किंवा जुन्या सीडीवरून पुन्हा-पुन्हा विंडोज टाकली गेली, त्याला तो कधीच मिळाला नाही. साहजिकच फाइल खरी असूनही विंडोज ती नाकारते.

दुसरे कारण सहीच्या पद्धतीचे. पूर्वी फाइलवर ‘शा-१’ पद्धतीने सही होत असे. ती पद्धत फोडता येते हे सिद्ध झाल्यावर जग ‘शा-२’कडे गेले. विंडोज ७ ला ही नवी सही नीट ओळखता यावी, यासाठी मार्च २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने खास अपडेट दिले. ते नसेल तर डॉटनेटच नव्हे, नव्या यंत्रांचे ड्रायव्हरही अडू शकतात.

तिसरे कारण सर्व्हिस पॅक. विंडोज ७ चा सर्व्हिस पॅक १ फेब्रुवारी २०११ मध्ये आला. तो नसेल तर ४.८ बसत नाही.

चौथे कारण ऐकायला किरकोळ आहे, पण फार वेळा भेटते. मदरबोर्डवरचा नाण्याच्या आकाराचा सेल संपलेला असतो. वीज गेली की कॉम्प्युटरचे घड्याळ मागे, कधी थेट बऱ्याच वर्षांपूर्वीच्या तारखेवर जाते. सर्टिफिकेटला ‘या तारखेपासून त्या तारखेपर्यंत’ अशी मुदत असते. यंत्राच्या दृष्टीने ती तारीख अजून उजाडलेलीच नसते. मग संकेतस्थळही उघडत नाही आणि सहीही जुळत नाही.

विंडोज ७ वर ४.८ बसवायचे कसे?

सुरुवात करण्यापूर्वी महत्त्वाच्या फाइल पेन ड्राइव्हवर किंवा दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या. गर्दीच्या वेळी हे काम काढू नका. त्यानंतर हा क्रम पाळा.

१. उजव्या कोपऱ्यातील तारीख, वर्ष आणि वेळ तपासा. वीज गेल्यावर ती चुकत असेल तर आधी सेल बदला.

२. ‘कॉम्प्युटर’वर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडा. तिथे ‘सर्व्हिस पॅक १’ लिहिलेले आहे का आणि यंत्र ३२ बिट आहे की ६४ बिट, हे पाहा. पुढच्या अपडेटच्या फाइल त्यानुसार वेगळ्या असतात.

३. सी ड्राइव्हवर जागा आहे का, पाहा. मायक्रोसॉफ्टच्या निकषानुसार ४.८ साठी किमान ४.५ जीबी मोकळी जागा लागते.

४. मायक्रोसॉफ्टच्या अपडेट कॅटलॉगवरून आधी ‘केबी ४४९०६२८’ आणि मग ‘केबी ४४७४४१९’ ही दोन अपडेट घ्या. पहिले अपडेट बसवण्याची यंत्रणा सुधारते, दुसरे शा-२ सही ओळखायला शिकवते. दोन्ही झाल्यावर कॉम्प्युटर रीस्टार्ट करा.

५. मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून २०११ चे रूट सर्टिफिकेट घ्या. फाइल उघडून ‘इन्स्टॉल सर्टिफिकेट’ दाबा. साठवण्याची जागा विचारली की आपोआप निवडू देऊ नका. ‘शो फिजिकल स्टोअर्स’वर खूण करून ‘ट्रस्टेड रूट सर्टिफिकेशन ऑथॉरिटीज’खालील ‘लोकल कॉम्प्युटर’ निवडा. बहुतेकांची चूक इथेच होते. सर्टिफिकेट भलत्याच कप्प्यात जाते आणि ‘सगळे केले तरी होत नाही’ अशी तक्रार उरते.

६. आता ४.८ चा ‘ऑफलाइन इन्स्टॉलर’ घ्या. ‘वेब इन्स्टॉलर’ आकाराने छोटा दिसतो, पण बसवताना उरलेले सगळे इंटरनेटवरून ओढतो. नेट मध्येच तुटले की काम अर्धवट राहते. ऑफलाइन फाइल शंभर एमबीपेक्षा थोडी मोठी असते. ती चांगल्या नेटवर उतरवून पेन ड्राइव्हवर आणता येते.

७. फाइलवर राइट क्लिक करून ‘रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर’ निवडा. जुन्या यंत्रावर पट्टी बराच वेळ एकाच जागी थांबलेली दिसेल. मध्येच बंद करू नका. संपल्यावर रीस्टार्ट करा.

तरीही अडले तर चुकीच्या चौकटीतच ‘लॉग फाइल’ची लिंक असते. कोणाला मदत मागायची असेल तर ‘होत नाही’ एवढेच न सांगता ती फाइल पाठवा. दुरुस्ती करणाऱ्याचा निम्मा वेळ वाचतो.

विंडोज १० वर ३.५ का अडते?

इथे गोष्ट उलटी आहे. यंत्र त्या मानाने नवे, प्रोग्राम जुना. विंडोज १० मध्ये ३.५ चा संच लपवून ठेवलेला असतो. ‘कंट्रोल पॅनेल’मधील ‘प्रोग्राम्स’खाली ‘टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ’ उघडून डॉटनेट ३.५ समोर खूण केली की विंडोज ते अपडेटमधून आणते.

अडचण अशी की अनेक कॉम्प्युटरवर विंडोज अपडेट बंद केलेले असते. मग फाइल सापडल्या नाहीत, असा संदेश येतो. उपाय दोन. अपडेट तात्पुरते तरी सुरू करून खूण करा. नाही तर त्याच आवृत्तीच्या विंडोज १० ची मूळ इन्स्टॉल डिस्क किंवा पेन ड्राइव्ह वापरा. त्यातील ‘सोर्सेस’ फोल्डरमधल्या ‘एसएक्सएस’ या फोल्डरमध्ये ३.५ च्या फाइल असतात.

काय करू नये?

गावात सर्वांत झटपट मिळणारा सल्ला सर्वांत महाग पडतो. ‘डीएलएल मोफत’ देणारी संकेतस्थळे, एका क्लिकमध्ये सगळे बसवतो म्हणणारे पॅक, व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरणारी फाइल किंवा क्रॅक केलेली विंडोज यांपासून लांब राहा. डॉटनेट फ्रेमवर्क मायक्रोसॉफ्टकडून फुकट मिळते. जी वस्तू मूळ मालकाकडे फुकट आहे, ती अनोळखी माणसाकडून घेण्याचे कारण नाही.

‘आधी अँटिव्हायरस बंद करा, मग बसवा’ ही सूचना दिसली की तिथेच थांबा. आणि रिमोटने दुरुस्त करून देतो म्हणणाऱ्या अनोळखी माणसाला स्क्रीन देऊ नका. त्या यंत्रात तुमचीच नाही, गावाची माहिती आहे.

बसले म्हणजे सुटले का?

नाही. डॉटनेट बसल्याने आजचे काम होते. खालची विंडोज मात्र जुनीच राहते.

सपोर्ट संपला म्हणजे कॉम्प्युटर बंद पडला असे नव्हे. त्यानंतर सापडलेल्या सुरक्षेच्या भोकांना ठिगळ मिळत नाही, एवढाच त्याचा अर्थ. भोके मात्र सापडतच राहतात. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर व्हायरसने जगभरातील कॉम्प्युटर कुलूपबंद केले. त्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्येच दिली होती. अपडेट न घेतलेली यंत्रे सापडली.

त्यानंतर जूनच्या अखेरीस ‘नॉटपेट्या’ आला. त्याचा फटका महाराष्ट्रालाही बसला. जेएनपीटी बंदरातील गेटवे टर्मिनल्स इंडिया या टर्मिनलचे काम विस्कळीत झाले, कारण त्याच्या मागे असलेल्या मर्स्क समूहाची जगभरातील यंत्रणा कोलमडली होती. या व्हायरसचा उगम इथे महत्त्वाचा आहे. युक्रेनमध्ये कर आणि हिशेबासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून तो पसरला. कामासाठी जे सॉफ्टवेअर बसवावेच लागते, त्याच दारातून चोर आला.

सेवा केंद्राच्या कॉम्प्युटरवर काय असते, याचा विचार करा. आधार कार्डांच्या प्रती, बँक पासबुकांचे फोटो, सातबारा, मुलांच्या गुणपत्रिका, मोबाइल क्रमांक. अनेक ठिकाणी हे सगळे ‘डाऊनलोड्स’ फोल्डरमध्ये वर्षानुवर्षे पडून असते. काम झाल्यावर या प्रती पुसून टाकण्याला एक रुपयाही लागत नाही, हे जुन्या यंत्रावरचे सर्वांत स्वस्त संरक्षण आहे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा देशात २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले. त्यातील मुख्य बंधने टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. लोकांची माहिती हाताळणाऱ्या प्रत्येकाला आज ना उद्या याचे उत्तर द्यावे लागेल.

पर्याय कोणते?

पहिला, विंडोज १० वर असलेल्यांसाठी. मायक्रोसॉफ्टने घरगुती वापरकर्त्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेटची सोय दिली आहे. त्यासाठी २२एच२ ही आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्ट खाते लागते. सेटिंग्जचा बॅकअप सुरू केल्यास ती मोफत मिळते. हा उपाय कायमचा नाही, मुदतवाढ आहे.

दुसरा, विंडोज ११. त्यासाठी किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. ती फक्त ६४ बिटमध्ये येते. विंडोज ७ च्या काळात घेतलेले यंत्र या अटींत बसत नाही. म्हणजे यंत्रच बदलावे लागते.

तिसरा, लिनक्स. फक्त ब्राउझरमध्ये होणारे काम असेल तर उबुंटू किंवा लिनक्स मिंट जुन्या यंत्रावर चांगले चालते आणि ब्राउझरही नवा मिळतो. केरळच्या सरकारी शाळांत ‘काइट’ या संस्थेमार्फत मुक्त सॉफ्टवेअरच वापरले जाते. आपल्या सी-डॅकची ‘बॉस’ ही लिनक्स प्रणालीही आहे. पण डॉटनेट फ्रेमवर्क लिनक्सवर बसत नाही आणि प्रत्येक अंगठा यंत्राचा किंवा टोकनचा ड्रायव्हर मिळेलच असे नाही. त्यामुळे आधी यादी करावी, मग निर्णय घ्यावा.

चौथा, कामे वाटणे. दोन यंत्रे असतील तर जुन्यावर इंटरनेट काढून फक्त टायपिंग आणि प्रिंट करावी. अंगठा, सही, बँकेचे व्यवहार नव्यावर करावेत. पैसे नसताना करता येण्यासारखी ही सर्वांत शहाणपणाची व्यवस्था आहे.

जबाबदारी कोणाची?

इथे प्रश्न तंत्राकडून धोरणाकडे वळतो. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. अधिसूचित सेवा ठरावीक मुदतीत मिळाली नाही तर अपील करता येते, जबाबदार अधिकाऱ्याला दंडही होऊ शकतो. पण ही मुदत मोजली जाते ती अर्ज दाखल झाल्यापासून.

जळकोट हा लातूर जिल्ह्याच्या दहा तालुक्यांपैकी एक, नांदेड जिल्ह्याच्या सीमेलगतचा. तिथल्या एखाद्या वाडीवरची विद्यार्थिनी वडिलांसोबत सकाळी केंद्रावर येते. यंत्रावर सॉफ्टवेअर उघडत नाही, म्हणून अर्ज दाखल होत नाही. ती दुसऱ्या दिवशी येते, पुन्हा तेच. वडिलांचा दोन दिवसांचा रोज बुडतो, भाडे जाते, प्रवेशाची तारीख जवळ येते. कायद्याच्या घड्याळात मात्र एक मिनिटही सरकलेले नसते. कागदोपत्री विलंब शून्य. डिजिटल कारभाराच्या आकडेवारीत हा विलंब दिसत नाही, कारण तो पोर्टलच्या दाराबाहेर घडतो.

केंद्रचालकाला दोष देणे सोपे आहे. पण यंत्र त्याचे, वीज त्याची, दुरुस्ती त्याची आणि मिळकत प्रत्येक अर्जामागे ठरवून दिलेल्या शुल्कातील वाट्याची. एखादे सॉफ्टवेअर नव्या आवृत्तीला जाते, त्याला नवी विंडोज लागते आणि तो खर्च न बोलता त्याच्या माथी येतो. नवे यंत्र कधी घ्यावे लागेल, हे त्याला आधी कोणी सांगत नाही. चौकट आली की कळते.

याला फार मोठ्या योजनेची गरज नाही. ज्या सेवेसाठी वेगळे सॉफ्टवेअर लागते, तिच्या पोर्टलवर कोणती विंडोज, कोणते डॉटनेट, कोणता ब्राउझर चालेल हे मराठीत ठळक लिहिता येईल. बदल करण्यापूर्वी काही महिने सूचना देता येईल. लागणाऱ्या मूळ फाइल एकाच अधिकृत ठिकाणी ठेवता येतील, म्हणजे व्हॉट्सअॅपवरच्या फाइलची गरज उरणार नाही. आणि तांत्रिक कारणाने परत गेलेल्या नागरिकाची नोंद केंद्रावर ठेवणे बंधनकारक केले, तर दाराबाहेरचा विलंब निदान मोजला तरी जाईल.

नागरिकांनी काय करावे?

‘सर्व्हर डाऊन’ ऐकल्यावर शांतपणे विचारा : पोर्टल उघडत नाही की इथले सॉफ्टवेअर चालत नाही? पोर्टल आपल्या मोबाइलवर उघडून पाहा. उघडत असेल तर अडचण त्या यंत्राची आहे, दुसऱ्या केंद्रावर काम होऊ शकते. ‘आपले सरकार’वर नोंदणी करून अनेक दाखल्यांसाठी स्वतःही अर्ज करता येतो. अर्ज झाल्यावर पोचपावती घ्यायला विसरू नका, कारण हक्काच्या मुदतीचे घड्याळ त्या पावतीपासून चालते. दाखल्यांची कामे शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका, हे तर खरेच.

केंद्रचालकांनी एवढे करावे. आजच सर्व यंत्रांची यादी करा : विंडोज कोणती, डॉटनेट कोणते, कोणत्या कामाला कोणते सॉफ्टवेअर लागते. विंडोज ७ वर ४.८ बसवून हा हंगाम निभावता येईल. पुढचा हंगाम मात्र त्याच यंत्रावर काढायचा, असे ठरवू नका. डॉटनेटची चौकट ही यंत्राने दिलेली पहिली सूचना असते. ती घालवता येते, पण ती कशासाठी आली होती, हे विसरता कामा नये.